भूगोलाचा पदवीधर आणि अन्नाभ्यास : इटलीला येण्यापूर्वी

कोल्हापुरात भूगोल घेऊन बी. ए. करताना आजरा घनसाळ तांदळावर प्रकल्प केला, त्यातून अन्नाभ्यासाची ओढ लागली, तेव्हा आता भूगोल सोडून इटलीतील पोलेन्झो येथे शिकायला यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मीही पुण्यात भूगोल शिकून याच वाटेने आले आणि पुढे इथेच, पिएमोंते प्रांतात, स्थायिक झाले. तुम्ही अवश्य यावे, असे माझे मत आहे. मात्र भूगोल सोडण्याचा विचार मनातून काढून टाकावा, कारण इथे तुमची खरी पुंजी तीच ठरेल.

पोलेन्झोचे गॅस्ट्रोनॉमिक सायन्सेस विद्यापीठ २००४ मध्ये, स्थानिक आणि पारंपरिक अन्न जपू पाहणाऱ्या स्लो फूड चळवळीतून उभे राहिले. तिथे स्वयंपाक शिकवतात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मानववंशशास्त्र, परिसंस्था, अन्नाचा इतिहास आणि अर्थकारण हे विषय असतात, आणि अभ्यासदौऱ्यांना फार महत्त्व असते. भूगोलाच्या विद्यार्थ्याचा कस लागतो तो या दौऱ्यांत.

आमच्याच प्रांतातील वेर्चेल्लीचा भातपट्टा पाहा. आल्प्सच्या पायथ्याशी, सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावर भात पिकतो, तो पाण्याच्या व्यवस्थेमुळे. १८६६ मध्ये पूर्ण झालेला कावूर कालवा किवास्सो येथे पो नदीचे पाणी घेऊन या सपाट प्रदेशात आणतो, आणि खाचरात साठवलेले हे पाणी पिकाची तहान तर भागवतेच, शिवाय वसंतातील थंड रात्री कोवळ्या रोपांना ऊबही देते. या खाचरांत भांगलणीसाठी दूरदूरच्या गावांतून बायका येत असत. ‘मोंदिने’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मजूर स्त्रियांच्या लढ्यातून १९०६ मध्ये वेर्चेल्लीत आठ तासांचा कामाचा दिवस मान्य झाला. तिथला पानिस्सा हा पदार्थ भात, घेवड्याचे दाणे आणि डुकराच्या चरबीत मुरवलेली सलामी, म्हणजे मांसाचे खारवलेले सॉसेज, यांचा असतो. भातपट्ट्यातील दमट हवेत सलामी नीट वाळत नाही, म्हणून ती चरबीत ठेवण्याची रीत पडली. २०२२ च्या दुष्काळात पो नदी आटली, तेव्हा हा सारा डोलारा कशावर उभा आहे ते सर्वांना दिसले. माझ्या वर्गातील आचाऱ्यांना चवीतले बारकावे माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक कळत, परंतु कालवा, हवा, मजुरी आणि ताट यांची सांगड घालणे मला सोपे गेले, आणि त्या अभ्यासाचा आनंद मला आजही वाटतो.

आता व्यवहाराचे. इटलीत ‘मास्टर’ नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि ‘लाउरेआ माजिस्त्राले’ ही दोन वर्षांची पदवी या वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे पीएच. डी. करायची असेल, तर एक वर्षाच्या मास्टरने तो मार्ग खुला होत नाही. प्रवेशाआधी हे नीट तपासा. विद्यापीठ खाजगी असल्याने शुल्क जड आहे. विद्यार्थी म्हणून आठवड्याला २० तास काम करता येते, पण त्या कमाईवर शुल्काचा हिशेब बांधू नका. इटलीत पोहोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. वर्गात इंग्रजीवर निभावते, पण शेतकरी आणि चीज करणारे इटालियनच बोलतात, तेव्हा ती भाषा आतापासून शिकायला घ्या.

निघण्यापूर्वी आजऱ्याचे काम पूर्ण करा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. घनसाळला भौगोलिक मानांकन आहे, तसेच वेर्चेल्लीजवळच्या बाराज्जा तांदळाला युरोपीय संघाचे ‘डीओपी’, म्हणजे मूळ प्रदेशाशी बांधलेल्या नावाचे, संरक्षण आहे. या दोन व्यवस्थांत शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न दोन्हीकडची शेती पाहिलेल्या माणसानेच विचारावा असा आहे. जमीन, पाऊस आणि बियाणे यांच्या नोंदी तुमच्याकडे आहेतच. आता तो भात कोणत्या घरी, कोणत्या प्रसंगी शिजतो, बी कोण राखून ठेवते आणि बाजारात घनसाळ म्हणून काय विकले जाते, हे घरोघरी जाऊन विचारा, त्याचे नकाशे करा आणि प्रवेश अर्जाच्या निवेदनात तेच सर्वांत आधी मांडा.