भजनाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर लाइव्ह दाखवताना आवाज फाटतो, काय करावं?

खानापूरकडच्या तुमच्या मंडळाचा त्रास मला चांगला कळतो, आम्ही बेळगावात यातूनच गेलोय. मोबाइल पखवाजाशेजारी ठेवला की पहिल्या थापेलाच माइक भरून जातो. त्यापेक्षा साधा दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी) घ्या, एक माइक बुवांना, दुसरा पखवाज-पेटीच्या मधोमध, हातभर लांब. सगळ्यात जोराचा गजर आधी म्हणून बघा आणि आवाजाचं मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतका गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) ठेवा. आवाज फाटायचा थांबतो तो इथंच.

लॅपटॉपवर लाइव्ह दाखवायचं ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण लाइव्हचा आवाज दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) असतो, म्हणून खरं रेकॉर्डिंग त्याच वेळी वेगळं, २४ बिट वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाइलमध्ये करा. नेट गेलं तरी अभंग हाताशी राहतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात नेट जातंच.

स्वतःचं लाइव्ह खोलीत चुकूनही वाजवू नका. ते काही सेकंद मागून येतं आणि टाळकरी हमखास चुकतात.

कमेंट वाचायला एक पोरगं वेगळं बसवा, टेक (एका अभंगाचं सलग रेकॉर्डिंग) चालू असताना उत्तरं नकोत. टेक चुकला तर लपवू नका, पुन्हा म्हणा. पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसं नेमकं तेच बघायला थांबतात: बुवा डोळे मिटून सूर परत कसा लावतात ते.

चॅनेल नवं असेल तर लाइव्ह सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आदल्या दिवशीच चालू करून ठेवा.