‘मन शांत केलं, तर गोळ्या सुटतील का?’

‘मॅडम, रोज पहाटे शुक्रवारी तलावाला चकरा मारून राहिलो, चहातली साखर सोडली, तरी शुगर काऊन वाढून राहिली? डॉक्टर म्हणते टेन्शन घेऊ नका. टेन्शन का कोणी घेते जी? ते तर येते.’

ताण हाताळायला शिकायला माझ्याकडे आलेले, नागपूरच्या इतवारीत कापडाचं दुकान असलेले ५४ वर्षांचे मधुमेही काका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मनातला खरा प्रश्न शेवटी उठता उठता आला: मन शांत करायला शिकलो, तर मधुमेहाच्या गोळ्या सुटतील का?

असं विचारणारे आठवड्यातून दोन-तीन तरी येतातच. ताणात ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, हे खरं. पहाटे तर ताण नसतानाही ते थोडी सोडतंच. पण मन शांत ठेवणं ही गोळीची जागा घेणारी गोष्ट नाही. काकांना हे आवडलं नाही.

सुरुवातीला चूक माझीच झाली. श्वास मोजायला सांगितले. जन्म खातेवहीत गेलेला माणूस. त्यांनी श्वासांचाही हिशेब मांडला आणि ‘आज चाळीसच झाले’ म्हणून अस्वस्थ झाले. मग एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी मांडलेली स्नायूंच्या शिथिलीकरणाची पद्धत घेतली. मूठ पाचेक सेकंद आवळायची, मग एकदम सैल सोडून दहा-पंधरा सेकंद नुसतं जाणवू द्यायचं. तसंच पुढे खांदे, जबडा, पोट, मांड्या, पावलं. श्वास रोखायचा नाही, दुखऱ्या जागेवर जोर द्यायचा नाही. खांदे सोडल्यावर काका म्हणाले, ‘हे इतके वर चढले होते का बाप्पा!’

तिसऱ्या भेटीत त्यांनी कौतुकाने सांगितलं, की दुपारी दुकानात जेवायला उशीर झाला, घाम फुटला, हात थरथरले, छाती धडधडली; उधारीचं टेन्शन असेल म्हणून गादीवर बसून मुठी आवळल्या-सोडल्या. मी चरकले. घाबरल्यावर जे होतं, नेमकं तेच शुगर उतरल्यावरही होतं. घरी ग्लुकोमीटर होतं, ते दुकानात ठेवायला लावलं. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं, तेव्हा आकडा ६२ होता. ७० च्या खाली म्हणजे आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, शिथिलीकरण मागाहून. त्यांच्या एका गोळीने शुगर अशी उतरू शकते. जेवण लांबलं आणि पहाटेचं चालणंही वाढलं होतं. डॉक्टरांनी मात्रा बदलली. ‘थरथर सुटली तर आधी मोजा’ हे मी पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. आता सगळ्यांना सांगते.

चालण्याबद्दलही बोलणं झालं. तलावाभोवती फिरताना त्यांचा फोन कानाला, आणि वसुलीवरून आवाज चढलेला. फोन घरी ठेवायला मी सांगितलं, तो काकूंनी ठेवून घेतला. आठवड्याला १५० मिनिटं हे नेहमीचं माप त्यांना जमतच होतं. रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटांची भर घातली, कारण काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतर ती चढलेलीच असते. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा दुपारी बाहेर पडायचं नाही, घरातल्या घरातच फेऱ्या. पायात कायम चप्पल, आणि जखम वेळेत दिसावी म्हणून रोज तळवे पाहायचे.

सहा महिन्यांनी रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा (एचबीए१सी) ८.६ वरून ७.५ वर आला. यात गोळीच्या नव्या मात्रेचा वाटा किती, चालण्याचा किती, मुठींचा किती, हे मी सांगू शकत नाही. झोप मात्र सुधारली, हे काकूंनीच सांगितलं. त्याही सोबत व्यायाम करतात. खांद्यांपर्यंत पोहोचायच्या आत घोरायला लागतात म्हणे.

गोळ्या चालू आहेत. रविवारच्या तर्री-पोह्यांवर आमची बोलणीही अजून चालू आहेत.