इंग्रजी ‘कान’ ग्रीकमध्ये नेताना

आधी मूळ शब्द. आजच्या ग्रीकमध्ये कान म्हणजे ‘आफ्ती’, अनेकवचन ‘आफ्त्या’. ‘ही’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही ‘आफ्ती’च, फक्त शेवटचं अक्षर वेगळं, लिहिताना तिथेच घसरायला होतं. प्राचीन ‘ऊस’ (आपला गोड नव्हे!) वैद्यकीय शब्दांत उरलाय: कानाचा दाह म्हणजे ‘ओतितिदा’.

मक्याच्या किंवा गव्हाच्या ‘इयर’ला आफ्ती लावू नका. गव्हाचं कणीस ‘स्ताखी’, मक्याचं ‘कलाम्बोकी’.

‘आय ॲम ऑल इयर्स’ जवळपास तसंच जातं: ‘ईमे ओलोस आफ्त्या’, बोलणारी बाई असेल तर ‘ओली’. ‘प्ले बाय इयर’चे मात्र दोन अर्थ. वाद्य असेल तर ‘मे तो आफ्ती’ चालतं. ‘वेळ येईल तसं ठरवू’ असेल तर ‘व्लेपोन्दास के कानोन्दास’, म्हणजे पाहत-करत.

खरा सापळा पिसवांचा. इंग्रजीत कानात पिसू घालून पाठवणं म्हणजे खडसावून हाकलणं. ग्रीकमध्ये कानात पिसवा, ‘प्सिली’, शिरल्या की संशय येतो. शब्दशः नेलंत तर अर्थच बदलेल. कानाडोळा करणाऱ्यासाठी ‘कानो तोन कुफो’, बहिऱ्याचं सोंग घेणं. अगदीच निगरगट्ट असेल तर ‘देन इद्रोनी तो आफ्ती तू’: त्याच्या कानाला घामसुद्धा फुटत नाही.