आमेन न म्हणणारा मुलगा

"ताई, मी मिरजेची, पेशाने नर्स. दोन वर्षं डायलिसिस करून माझे मिस्टर गेल्या ऑगस्टमध्ये प्रभूकडे गेले. वय 44. तेव्हापासून मी कुणासमोर रडलेली नाही. रोमकरांस पत्रातलं 8:28 हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. दवाखान्यात मुलाने 'का?' विचारलं तेव्हा त्यालाही मी हेच वचन सांगितलं. मंडळीतले लोक म्हणतात, विश्वास असावा तर असा. पण देवाचा हेतू मला अजून उमगत नाही. तो कळला की मी शांत होईन. सासूबाई दिवसभर देवाला बोल लावतात, त्यामुळे घरातलं वातावरण बिघडतं. मुलगा आठवीत आहे, त्याचा काही त्रास नाही, अभ्यास करतो. जेवणाआधीच्या प्रार्थनेला आमेन तेवढं म्हणत नाही. पाळकसाहेब म्हणतात, ईस्टरला मंडळीसमोर आपल्या विश्वासाची साक्ष द्या. देऊ का? देवाचा हेतू ओळखायचा कसा?"

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले. 'अभ्यास करतो' च्या पुढे एक पूर्णविराम आहे आणि त्यानंतर सहा शब्द. ते लिहून तुम्ही लगेच साक्षीकडे वळलात.

तुम्ही नर्स आहात, तीही मिरजेत, जिथं 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं आणि पार कर्नाटकातून माणसं आपली दुखणी घेऊन येतात. वॉर्डात एक पेशंट ओरडत असतो आणि एक भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेला असतो. आधी कुणाकडे धावता? मग घरी आल्यावर हे ज्ञान कुठे जातं? 'त्याचा काही त्रास नाही' हे वाक्य तुम्ही कुठल्याही पेशंटच्या केसपेपरवर न तपासता लिहिलं नसतं.

आमेन म्हणजे काय, ते जरा आठवा. मूळ शब्द हिब्रू. खरं आहे, पक्कं आहे, असा त्याचा अर्थ. योहानाच्या शुभवर्तमानात येशू 'मी तुम्हांला खचीत खचीत सांगतो' म्हणतो, तिथं मुळात 'आमेन, आमेन' असंच आहे. प्रार्थनेनंतरचं आमेन म्हणजे त्या प्रार्थनेखाली केलेली सही. तुमचा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा रोज रात्री ताटावर येऊन बसतो, तुमची प्रार्थना पूर्ण ऐकतो आणि सही करत नाही. जे त्याला खरं वाटत नाही त्याला तो खरं म्हणत नाही, इतकंच. पण तो ताटावरून उठूनही जात नाही. रोज येतो आणि रोज थांबतो. आज खरं बोललं जाईल का, याची तो वाट बघतोय, असं मला वाटतं. देवाला इतकं गंभीरपणे घेणारं माणूस तुमच्या घरात आत्ता दुसरं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

लागलं असेल, तर लागू द्या.

ती फ्रेम. वचन खरं आहे, मी स्वतः त्यावर जगते. पण तुम्ही अख्ख्या अध्यायातली एकच ओळ भिंतीवर टांगलीत. आज शास्त्र उघडा आणि त्याच अध्यायात 22व्या वचनापासून वाचत या. 22मध्ये सारी सृष्टी कण्हते आहे. 23मध्ये आपण कण्हतो आहोत, ज्यांना आत्मा मिळालाय ते आपण. आणि 26मध्ये, तुमच्या फ्रेमच्या दोनच वचनं वर, आपण कशी प्रार्थना करावी हेसुद्धा आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, तीही अनिर्वाच्य कण्हण्याने. कण्हणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. रात्रपाळीला तुम्ही ते ऐकता. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने 28वं वचन लिहिलं ते या तीन कण्हण्यांच्या पाठोपाठ. तुम्ही वरचं सगळं गाळून पोराच्या हातात शेवटची ओळ ठेवलीत, बाप जात असताना, दवाखान्यात.

योसेफाची गोष्ट तर संडेस्कूलपासून तुमच्या कानावर आहे. 'तुम्ही माझं वाईट योजलंत, पण देवाने त्यातून चांगलं योजलं,' असं तो भावांना म्हणतो. आपण ते सांत्वनाच्या सभेत घाईघाईने वाचतो. पण तो हे केव्हा म्हणतो, याचा हिशेब कधी केलात? भावांनी विहिरीत टाकून विकलं तेव्हा तो 17 वर्षांचा. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30. मग सुकाळाची सात वर्षं, दुष्काळाची दोन, तेव्हा बाप याकोब मिसरात आला. त्यानंतर याकोब 17 वर्षं जगला, आणि तो गेल्यावर योसेफ हे वाक्य बोलला. म्हणजे विहिरीपासून त्या वाक्यापर्यंत 39 वर्षं. मधल्या काळात तो किती वेळा रडला ते उत्पत्तीच्या पुस्तकात ठिकठिकाणी लिहिलंय, एकदा तर इतक्या मोठ्याने की मिसरी लोकांना ऐकू गेलं. आणि विहिरीच्या काठावर उभं राहून 'बाळा, यात देवाची योजना आहे' असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते वाक्य त्याचं होतं, त्यानेच ते उच्चारलं, पन्नाशी उलटून गेल्यावर. तुम्ही तेच वाक्य तुमच्या मुलाला पहिल्याच दिवशी दिलंत आणि आता त्याने त्यावर आमेन म्हणावं अशी तुमची अपेक्षा आहे.

हेतू कसा ओळखायचा, असं तुम्ही विचारता. मला नाही वाटत की तो तुम्हाला या आठ महिन्यांत ओळखायचा होता. भरवसा आणि उमज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमजलं की भरवसा ठेवायला उरतं काय? आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशूला हेतू पुरेपूर ठाऊक होता. आपण आता त्याला उठवणार, हेही ठाऊक होतं. तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला रडताना बघून तो रडला. ज्याला सगळं माहीत होतं तो रडला, आणि ज्या तुम्हाला काहीच कळत नाही त्या तुम्ही ऑगस्टपासून कोरड्या डोळ्यांनी फिरताय आणि त्याला विश्वास म्हणताय.

सासूबाईंबद्दल तुमची जी तक्रार आहे ती मी ऐकून घेणार नाही. त्यांचा मुलगा गेलाय. 88वं स्तोत्र काढून बघा, त्याचा शेवट अंधारातच होतो, सुटकेची एक ओळ नाही, तरी ते शास्त्रात आहे. आणि आपल्या भाषेतही हे नवं नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1917मध्ये आमच्या साताऱ्याला राहायला आले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्या तुकोबांची बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, आणि विठ्ठलाला त्यांनी काय काय सुनावलं हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. भांडायला समोर कुणीतरी आहे असं वाटतं, तोवरच माणूस भांडतं. माझी आजी आजोबा गेल्यावर वर्षभर उपासनेला गेली नाही. त्या वेळचे पाळक दर गुरुवारी येऊन ओसरीवर बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. एकही वचन त्यांनी तिला ऐकवलं नाही. वर्षाने ती आपणहून पदर सारखा करून निघाली. सासूबाईंशेजारी जाऊन बसा, त्यांना गप्प करू नका.

साक्ष देऊ नका. या ईस्टरला नाही. पाळकसाहेबांना सांगा, अजून तयार नाही. पुरे.

आता एकच करा, आणि आजच करा. पानं वाढून झाली की प्रार्थना नेहमीसारखी तुम्हीच करा. पण 'हे अन्न दिलंस म्हणून' पासून सुरुवात करू नका. त्यांचं नाव घ्या. म्हणा, 'देवा, आम्ही दोन वर्षं मागितलं आणि तू त्यांना बरं केलं नाहीस. का, ते मला कळत नाही. मला राग येतो. घर खायला उठतं.' आणि तिथंच थांबा. 'तरीही तुझी इच्छा पूर्ण होवो' हे मागून जोडू नका. कल्याणाचं वचन जोडू नका. तुमची जीभ सवयीने तिकडे वळेल, तिला आवरा. रडू आलं तर त्याच्यासमोर येऊ द्या, पदर तोंडात कोंबू नका. त्याने आपल्या आईला बापासाठी रडताना पाहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? आठ महिने त्या पोराला वाटत असेल की या घरात पप्पांची आठवण फक्त मला आणि आजीला येते.

तो आमेन म्हणतो का, हे बघायला डोळे किलकिले करू नका. त्यासाठी हे करायचं नाहीये. तो म्हणेल, किंवा म्हणणार नाही, किंवा ताट सरकवून तुमच्यावर ओरडेल की हे आधी का नाही बोललीस. ओरडला तर ऐका. काहीच बोलला नाही तर थोडा वेळ तशाच बसून राहा, सासूबाईंचा हात हातात घेऊन. आमटी निवली तर निवू दे, पुन्हा गरम करता येते.