वहिनी, पहिला उन्हाळा जपून काढा

वहिनी, भाऊंचं डायलिसिस नुकतंच सुरू झालंय, म्हणून आधी पाण्याचं सांगते. सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर, आणि आपलं माणूस पाणी मागतं तेव्हा नाही म्हणताना जीव तुटतो. डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढं पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेवा. चहा, ताक, आमटी प्यायले की तेवढं बाटलीतून काढून टाका. मी ह्यांना छोट्या वाटीतून घोट घोट देते, मध्ये चूळ भरायला लावते. मीठ कमी केलं की तहानही कमी लागते. शेंगाचटणी बंद केली, त्याची हळहळ ह्यांना अजून आहे. शहाळं मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नको, त्यात पोटॅशियम फार. कमी सोडियमच्या मिठातही तेच असतं.

फिस्टुलाच्या हातावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला जिथं धमनी आणि शीर जोडलीय तिथं, रोज सकाळी बोटं ठेवून बघा. मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती थांबली तर लगेच डॉक्टरांना गाठा, उद्यावर टाकू नका. त्या हाताला धरून उठवायचंही नाही.

भाऊंना एकटीनं उचलू नका, माझी कंबर त्यातच गेली. आपली सोलापुरी चादर चौपदरी करून कमरेखाली घाला, दोघांनी दोन्हीकडून धरून सरकवा. डायलिसिसहून आल्यावर बीपी उतरलेलं असतं. पाय खाली सोडून थोडं बसवा, मगच उभं करा.

मंगळवारी दुपारी मी भाऊंजवळ बसते. तुम्ही जरा झोपून घ्या.