वाचकांचे प्रश्न : परदेशात इंग्रजी शिकवून हातात काय उरते?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. मी स्वतः बेळगावातून शारजाला जाऊन सहा वर्षे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत इंग्रजी शिकवले असल्याने आखाताबद्दल अनुभवाने लिहितो आहे. थायलंडचा हिशेब तेथे असलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या वह्या पाहून मांडला आहे.

प्रश्न : मी बी.ए. (इंग्रजी), बी.एड. असून निपाणीतील खासगी शाळेत शिकवते. पगार १६,००० रुपये असून आई-वडिलांकडे राहत असल्याने त्यातले ९,००० शिल्लक पडतात. थायलंडमधील एका प्रांतिक शहरातील शाळेने दरमहा ३२,००० बाट देऊ केले आहेत. करार दहा महिन्यांचा आहे. जाण्यासाठी सोसायटीतून दोन लाखांचे कर्ज काढावे लागेल. एक वर्ष जाऊन यावे असा विचार आहे. महिन्याचा खर्च किती येईल आणि शिल्लक किती राहील? (एक शिक्षिका, निपाणी)

उत्तर : एका बाटला २ रुपये ६० पैसे धरले तर आपला पगार ८३,००० रुपयांच्या वर जातो आणि निपाणीच्या पगाराच्या पाचपट दिसतो. परंतु पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा ३२,००० हा नसून दहा हा आहे. थायलंडमध्ये शालेय वर्ष मे महिन्यात सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. मध्यस्थ संस्थांमार्फत होणारे अनेक करार सुट्टीचे महिने वगळूनच केलेले असतात. पगार दहा महिने आणि पोट बारा महिने, अशी ही मांडणी आहे, आणि तीच बहुतेकांच्या लक्षात तिथे पोहोचल्यावर येते.

प्रांतिक शहरात एकट्या व्यक्तीचा साधा खर्च असा धरावा. खोलीचे भाडे ५,००० बाट, वीज आणि पाणी १,३००, जेवण ६,५००, भाड्याची स्कूटर व पेट्रोल ३,२००, फोन ५००, आणि कपडे, औषधे, किरकोळ मिळून १,५००. बेरीज १८,००० होते. सामाजिक सुरक्षेसाठी पगारातून ५ टक्के कपात होते, परंतु तिला कमाल मर्यादा असल्याने ती हजार बाटच्या आतच राहते. प्राप्तिकराचे फारसे भय नाही. पगारदारांना खर्चापोटी १,००,००० आणि वैयक्तिक ६०,००० बाट वजा मिळतात आणि त्यानंतरच्या पहिल्या १,५०,००० वर कर नाही, त्यामुळे दहा महिन्यांच्या ३,२०,००० बाट मिळकतीवर कर लागलाच तर पाचशे बाटच्या पुढे जात नाही.

म्हणजे महिन्याला १३,००० आणि दहा महिन्यांत १,३०,००० बाट उरतात. बिनपगारी दोन महिने तिथेच काढले तर ३६,००० त्यातून जातात आणि ९४,००० राहतात. आता जाण्याचा खर्च पाहा. विमानाचे तिकीट, कागदपत्रांचे साक्षांकन, इंग्रजीची परीक्षा (आयईएलटीएसलाच आपल्याकडे १८,००० रुपयांच्या आसपास लागतात), व्हिसाचे २,००० बाट, शाळेने भरले नाहीत तर वर्क परमिटचे ३,०००, मुक्काम वाढवण्याचे १,९००, खोलीची दोन महिन्यांची अनामत, गादी, पंखा, भांडी हे सारे धरून ४५,००० बाट सहज उडतात. यातील अनामत सोडताना परत मिळते, तीही खोलीची रंगरंगोटी वगैरे कारणे काढून कापली नाही तर. पहिल्या वर्षाअखेरीस हातात राहतात सुमारे ४९,००० बाट, म्हणजे १,२७,००० रुपये. सोसायटीचा दर १४ टक्के धरला तर दोन लाखांवर वर्षाचे व्याज २८,००० होते. ते वजा केल्यावर ९९,००० रुपये उरतात. निपाणीत आपण दरमहा ९,००० प्रमाणे वर्षाला १,०८,००० शिल्लक टाकतच आहात.

मी आपल्याला जाऊ नका असे म्हणत नाही. एक वर्षासाठी, पैशाकरिता म्हणून जाऊ नका, एवढेच सांगतो. दुसऱ्या वर्षी जाण्याचा खर्च आणि कर्ज दोन्ही मागे पडलेले असते आणि तेवढ्याच पगारात ९४,००० बाट, म्हणजे जवळजवळ अडीच लाख रुपये शिल्लक पडू शकतात. पगार घासाघीस करून हजारभर बाटने वाढवण्यापेक्षा करार बारा महिन्यांचा करून मागा. त्या दोन महिन्यांचे ६४,००० बाट कोणत्याही पगारवाढीपेक्षा मोठे आहेत. कर्जही दोन लाखांचे कशाला? जाण्याचा खर्च १,१७,००० रुपयांच्या घरात आहे. पहिला पगार महिनाअखेरीस येतो म्हणून दीड महिन्याचा खर्च जवळ हवा हे खरे, पण तो आपल्या शिलकीतून काढता येईल.

खोली घेताना भाड्याइतकेच विजेच्या दराकडे पाहावे. सरकारी दर युनिटला चार बाटच्या आसपास असताना अनेक घरमालक सात ते आठ बाट लावतात, आणि एप्रिलच्या उकाड्यात वातानुकूलन रात्रभर चालले की पाच हजारांच्या खोलीचे बिल तीन हजार येते. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्या दिवशीच मीटरचा फोटो काढून ठेवला होता. पुढे दर महिन्याच्या एक तारखेला तिने तो सवयीने काढला आणि एकदा मालकाने चुकून लावलेले सत्तर युनिट परत मिळवले. जेवणाचे ६,५०० बाट हे तिथल्या भात-कालवणाच्या गाड्यांवर जेवण्याचे आहेत, जिथे पन्नास-साठ बाटमध्ये एक वेळ भागते. शुद्ध शाकाहारी असाल तर ‘जे’ या अक्षराची पिवळी पाटी शोधावी लागते, कारण एरवी भाजीतही माशाचे पाणी असते. भारतीय हॉटेलात रोज जेवू लागलात तर हा आकडा दुप्पट होतो. लहान कुकर सामानात टाका. भाकरीची मात्र हौस निपाणीतच फेडून घ्या.

स्कूटर चालवणार असाल तर चिक्कोडीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. शुल्क १,००० रुपये असून तो वर्षभर चालतो, आणि मूळ परवान्यात दुचाकीची नोंद आहे ना हे पाहावे. परवान्याविना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मधल्या सुट्टीत गावी येणार असाल तर निघण्यापूर्वी १,००० बाट भरून पुनर्प्रवेशाचा परवाना घेतलाच पाहिजे, नाहीतर मुक्कामाची मुदत विमानात बसताच संपते आणि सारा खर्च पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना कागदपत्रांचा एक वेगळाच ताप असतो. प्रमाणपत्र ज्या राज्यातून मिळाले त्या राज्याच्या शासनाने ते आधी साक्षांकित करावे लागते, मग परराष्ट्र मंत्रालय आणि त्यानंतर वकिलात. आपली बी.ए. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची आणि बी.एड. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची असेल, तर एक कागद मुंबईच्या वाटेने आणि दुसरा बंगळूरच्या वाटेने जाईल, आणि दलालाला दोन्हींचे पैसे द्यावे लागतील. शाळेने केवळ पदवी मागितली असेल तर बी.एड. पाठवू नका. त्याआधी नावे ताडून पाहा. कर्नाटकाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नावापुढे वडिलांच्या नावाचे व आडनावाचे आद्याक्षर, कोल्हापूरच्या पदवीवर आधी आडनाव मग नाव मग वडिलांचे पूर्ण नाव, आणि पासपोर्टवर आणखी तिसरेच, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. जन्मस्थळ एका कागदावर बेळगाव आणि २०१४ नंतरच्या कागदावर बेळगावी असल्याने सहसा अडत नाही, नावाने मात्र हमखास अडते. प्रतिज्ञापत्र निघण्यापूर्वीच करून घ्यावे. परदेशातून ते करणे फार महाग पडते.

प्रश्न : मला दुबईतील शाळेकडून ५,००० दिरहम, निवास स्वतःचा, आणि शारजातील शाळेकडून ३,५०० दिरहम, सामायिक निवास, शाळेची बस व वार्षिक तिकीट असे दोन प्रस्ताव आहेत. वर्षभराने पत्नी व मुलीला नेण्याचा मानस आहे. कोणता स्वीकारावा? (एक शिक्षक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : एकट्याने राहायचे तर दुबईत बेडस्पेसचे (सामायिक खोलीतील एका खाटेच्या जागेचे) १,१००, जेवणाचे ८००, मेट्रो-बसच्या मासिक पासाचे ३५०, फोनचे १५० आणि इतर ४०० असा २,८०० दिरहमांचा खर्च धरा. हातात २,२०० राहतील. शारजाला भाडे नाही, प्रवास नाही, म्हणून खर्च १,३५० वर थांबेल आणि २,१५० राहतील. दीड हजार दिरहमांच्या फरकाचे महिनाअखेरीस पन्नास दिरहम झाले, आणि वार्षिक तिकीट धरले तर शारजाच पुढे जाते. जुलैत सर्व शाळा एकदमच बंद होत असल्याने गोवा किंवा मुंबईचे तिकीट तेव्हा किती कडाडते ते मी सहाही वर्षे पाहिले आहे.

कुटुंबाला नेण्यासाठी ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० पगार व निवास, अशी अट असल्याने कागदावर दोन्ही प्रस्ताव चालतील. पण ५,००० दिरहमांत दुबईत तीन माणसांचे घर भागत नाही. घराचे भाडेही महिन्याला नव्हे तर वर्षाला दोन किंवा चार धनादेशांत, पुढच्या तारखा घालून द्यावे लागते. शारजाच्या शाळेला दोन गोष्टी लेखी विचारा. कुटुंब आल्यावर सामायिक निवासाऐवजी घरभाडे भत्ता मिळेल का, आणि मुलीच्या फीत सवलत किती.

करारात मूळ वेतन किती दाखवले आहे हेही पाहावे. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षे दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते, भत्ते त्यात धरत नाहीत. ३,५०० पैकी मूळ वेतन १,४०० दाखवले तर पाच वर्षांचे ४,९०० दिरहम मिळतील, २,५०० दाखवले तर ८,७५०. मी पहिला करार सही करताना हे वाचलेच नव्हते.

माझी दुसरी चूक याहून मोठी होती, ती सांगतो. वहीत दर महिन्याला शिल्लक लिहायचो आणि ती सारी घरावर दुसरा मजला चढवण्यासाठी धाकट्या भावाकडे पाठवायचो. चार वर्षांत स्लॅब पडला, फरशी बसली, जिन्याला कठडाही लागला. सहाव्या वर्षी पटसंख्या घटल्याने शाळेने आम्हा काही जणांना कमी केले, तेव्हा बँकेत माझे अकरा हजार रुपये होते. भावाने एक पैसाही इकडचा तिकडे केला नव्हता. पैसे विटांमध्ये होते आणि विटा मोडून किराणा येत नाही. घर बांधा, पण सहा महिन्यांच्या खर्चाची ठेव झाल्यावर.

प्रश्न : मुलगा एम.ए. (इंग्रजी) आहे. एक एजंट दक्षिण कोरियातील खासगी इंग्रजी शिकवणी संस्थेत नोकरी देतो म्हणून १,७५,००० रुपये मागतो आहे. आधी पर्यटक म्हणून पाठवून तिथे व्हिसा बदलून देतो म्हणतो. पैसे द्यावेत का? (एक पालक, खानापूर)

उत्तर : देऊ नयेत. कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. भारताशी झालेला व २०१० पासून अमलात असलेला व्यापार करार भारतीयांना सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट देतो, पण तिलाही इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता लागते आणि ती खासगी शिकवण्यांना लागू नाही. आपल्या एजंटने सांगितलेली नोकरी त्यामुळे मुळात अस्तित्वात असू शकत नाही.

आपल्या कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि त्याची पावती द्यावीच लागते. त्याचा नोंदणी क्रमांक शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. दहावी झालेल्यांना परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी परवानगीचा टप्पा लागत नसल्याने शिकलेल्या मुलाचे कागद वाटेत कोणीच तपासत नाही, हे ध्यानात असू द्या. पर्यटक म्हणून नेऊन नोकरी देण्याच्या आमिषाने थायलंडमार्गे म्यानमारच्या म्यावाडी भागात अडकलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले होते.

प्रश्न : मुलगी ओमानला शिक्षिका म्हणून गेली आहे. ती पैसे तिच्या येथील जुन्याच बचत खात्यावर पाठवते आणि तिचे पीपीएफ खातेही चालू आहे. हे चालते का? (एक गृहिणी, वडगाव, बेळगाव)

उत्तर : नोकरीसाठी परदेशी गेलेल्या व्यक्तीला साधे बचत खाते तसेच ठेवता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या येथील पैशांसाठीच्या खात्यात, बदलून घ्यावे लागते. तिकडची कमाई पाठवण्यासाठी वेगळे एनआरई खाते उघडावे, कारण त्यावरील व्याज येथे करमुक्त असते आणि शिल्लक केव्हाही परत नेता येते. घरखर्चासाठी म्हणून आपल्याच खात्यावर थेट पाठवलेल्या पैशांना अडचण नाही. जुने पीपीएफ खाते पंधरा वर्षे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येते, त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, आणि परदेशी असताना नवे उघडता येत नाही. बँकेत जाताना तिच्या निवासी ओळखपत्राची आणि पासपोर्टची तिने सही केलेली प्रत सोबत न्यावी, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही.