ट्रान्झॅक्शन कनेक्शनचा उंबरा ओलांडत नाही

प्रश्न : आमचं ऑर्डरचं अ‍ॅप्लिकेशन एका टॉमकॅटवर (जावाच्या वेब सर्व्हरवर) आहे, स्टॉकचं दुसऱ्यावर, डेटाबेसही वेगळे. ऑर्डरच्या मेथडवर स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचं ‘ट्रान्झॅक्शनल’ अ‍ॅनोटेशन लावलंय, तिथूनच स्टॉकला कॉल जातो. पुढे एरर आली की ऑर्डर रोलबॅक होते (लिहिलेलं मागे घेतलं जातं), स्टॉक मात्र कमी झालेलाच राहतो. असं का?

उत्तर : ट्रान्झॅक्शन म्हणजे सगळे बदल टिकतील किंवा एकही नाही असा व्यवहार. स्प्रिंगमध्ये ते म्हणजे शेवटी डेटाबेसचं एक कनेक्शन, चालू थ्रेडला बांधलेलं. एचटीटीपीच्या कॉलबरोबर ते जात नाही. स्टॉकच्या सर्व्हरने स्वतःचं ट्रान्झॅक्शन उघडलं, कमिट केलं (बदल कायम केले), २०० म्हणजे ‘यशस्वी’ हा कोड पाठवला. तुमच्या रोलबॅकची खबर त्याला कोण देणार?

शिवाय कॉल संपेपर्यंत तुमचं कनेक्शन अडकून पडतं. हिकारीच्या पूलमध्ये (ही लायब्ररी डेटाबेसची कनेक्शनं उघडी ठेवून वाटते) सेटिंग न बदलल्यास १०च कनेक्शनं असतात. स्टॉकचा सर्व्हर मंदावला आणि दहा ऑर्डरी अडकल्या, की अकरावी ३० सेकंद ताटकळते आणि एक्सेप्शन घेऊन परतते. शिव्या मात्र बिचाऱ्या डेटाबेसला.

मी कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढतो. ऑर्डर ‘प्रलंबित’ म्हणून लिहायची आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्याच डेटाबेसमध्ये, ‘स्टॉकला हा निरोप द्यायचाय’ अशी एक ओळ आउटबॉक्स टेबलात टाकायची. दोन्ही एकत्र टिकतात किंवा एकत्र जातात. वेगळा जॉब ती ओळ उचलून पाठवतो. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवतो, म्हणून एकच निरोप दोनदा पोचणार हे गृहीत धरा : स्टॉकच्या बाजूला निरोपाच्या आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा न घेणारा नियम) हवाच. माल नसेल तर ऑर्डर रद्द करणारा उलटा व्यवहार. यालाच ‘सागा’ म्हणतात; गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी १९८७ मध्येच ती कल्पना मांडली होती.

प्रश्न : मग एक्सए (अनेक डेटाबेसवर मिळून एकच ट्रान्झॅक्शन चालवण्याचं स्टँडर्ड) कशाला आहे?

उत्तर : एकाच अ‍ॅप्लिकेशनला दोन डेटाबेस एकदम सांभाळायचे असतील तर जरूर वापरा. टॉमकॅटमध्ये त्यांचा मेळ घालणारा ट्रान्झॅक्शन मॅनेजर नसतो; नारायणा किंवा अ‍ॅटोमिकोस जोडावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये ‘मॅक्स प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स’ मुळात शून्य असतं, ते वाढवा.

एक्सएमध्ये डेटाबेसला आधी ‘प्रिपेअर’ (तयार राहा) आणि मग ‘कमिट’ असं दोन टप्प्यांत सांगतात; खरा धोका या दोन टप्प्यांच्या मधे आहे. ‘प्रिपेअर’ झालं आणि ‘कमिट’ सांगण्याआधी मॅनेजर पडला, तर डेटाबेस लॉक धरून निर्णयाची वाट बघत बसतो. मॅनेजर उठून आपला लॉग वाचेल तेव्हाच सुटका. एकदा हा लॉग मी कंटेनरच्या तात्पुरत्या डिस्कवर ठेवला होता. कंटेनर गेला, लॉगही गेला, आणि पोस्टग्रेसमधली अर्धवट ट्रान्झॅक्शनं एकेक तपासून हाताने निकालात काढावी लागली.

प्रश्न : एक्सेप्शन फेकलं, तरी कमिट झालं!

उत्तर : ते चेक्ड एक्सेप्शन (कंपायलर हाताळायला किंवा जाहीर करायला लावतो ते) असणार. सांगितलं नाही तर स्प्रिंग फक्त रनटाइम एक्सेप्शन आणि एररवर रोलबॅक करतं; अ‍ॅनोटेशनमध्ये ‘रोलबॅकफॉर’ लिहा. तसं नसेल, तर ती मेथड त्याच क्लासमधून बोलावताय का पाहा. तो कॉल प्रॉक्सीतून (ट्रान्झॅक्शन उघडणाऱ्या, स्प्रिंगने मधे ठेवलेल्या ऑब्जेक्टमधून) जातच नाही, मग अ‍ॅनोटेशन असून नसल्यासारखं.